गरम इंजिन अर्ध्या तासाने सुरूच होत नाही – जुनी एमपीएफआय पेट्रोल गाडी (मदत हवी)

कृष्णाकाठ – ४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी २००३ची, हजार सीसी, पेट्रोल, एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर पेट्रोल फवारतो ती पद्धत), १ लाख १८ हजार किलोमीटर. बाबांनी घेतलेली, ते गेल्यावर मी चालवतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बावीस-तेवीस वर्षांनी एखादी वस्तू थकली तर तो बनवणाऱ्याचा दोष नाही.

सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. बंद करून दोन-तीन मिनिटांत परत सुरू केली तरी काही त्रास नाही. पण पंचवीस ते चाळीस मिनिटं उभी राहिली की सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन पकडतच नाही. दहा-बारा सेकंद फिरवल्यावर कधी पकडतं, मग थरथरतं, पेट्रोलचा वास येतो. तीन तास उभी राहिली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू होते.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आठवड्यातून तीनदा तिला गावातून कराडला फिजिओथेरपीला नेतो. तिथे बरोबर अर्धा तास लागतो. गेल्या सोमवारी भर दुपारी ती मागच्या सीटवर बसून होती आणि मी वीस मिनिटं सेल्फ मारत होतो. तिला ऊन सोसत नाही.

आतापर्यंत प्लग, बॅटरी, एअर फिल्टर नवे टाकले, इंजेक्टर साफ केले. तिसऱ्या मिस्त्रींनी ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) गेला असं सांगून अठरा हजार मागितलेत. घालू का?

वऱ्हाडी मिस्त्री – ४ मे, रात्री १०:२५

भाऊ, पैसे खिशातच राहू द्या. ईसीयू घड्याळ पाहून खराब होत नाही. सकाळी ठीक, दोन मिनिटांनी ठीक, तीन तासांनी ठीक आणि अर्ध्या तासानेच अडचण, म्हणजे गाडी तुम्हाला काही सांगून राहिली.

मी नागपुरात तीस वर्षं हेच काम करतो. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंश ऊन असते, त्यामुळे ही तक्रार दर आठवड्याला येते. नीट समजून घ्या.

गाडी चालू असते तेव्हा पाणी फिरत असते, पंखा असतो, समोरून वारा असतो, आणि टाकीतलं थंड पेट्रोल रेलमधून (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणारी नळी) सारखं वाहत परत टाकीत जात असते. गाडी बंद केली की हे सगळं एकदम थांबते. हेडमध्ये साठलेली उष्णता मग वर चढते. म्हणून बंद केल्यानंतरची पंधरा ते चाळीस मिनिटं बॉनेटखाली चालत्या गाडीपेक्षा जास्त गरम असते. तुमचा अर्धा तास नेमका त्यातच येतो.

आता कुकर आठवा. आत प्रेशर आहे म्हणून पाणी शंभर अंशांवरही पाणीच राहते. पेट्रोलचंही तसंच. उघड्यावर त्याचा हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतो. रेलमध्ये दोन-अडीच बार प्रेशर टिकून असलं तर ते सत्तर-ऐंशी अंशांवरही पातळच राहते. प्रेशर गळून गेलं की रेलमध्ये वाफ होते. सेल्फ मारला की इंजेक्टर उघडतात, पण पेट्रोलच्या जागी वाफ जाते. वाफेत पेट्रोल किती असणार? इंजिन पकडत नाही.

पण हे झालं एक कारण. याच वेळेला आणखी दोन गोष्टी होऊ शकतात. पेट्रोल जास्त होणे, म्हणजे इंजिन ओलं होणे. किंवा ठिणगीच बंद होणे, कारण इंजिन फिरते आहे हे ईसीयूला सांगणारा क्रँक सेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप गरम झाला की त्याची आतली तार सुटते आणि थंड झाल्यावर परत जुळते. तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून पहिले हे पहा:

पुढच्या वेळी अडली की सेल्फ मारू नका. चावी ऑन करा, मागच्या सीटखाली पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येतो तो थांबू द्या, ऑफ करा. असं तीन-चारदा करा, मग सेल्फ मारा. लगेच पकडली तर प्रेशर गळते आहे. नाही पकडली तर ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून सेल्फ मारा. तसं केल्यावर बहुतेक ईसीयू पेट्रोल बंद किंवा एकदम कमी करतात. त्याने पकडली तर पेट्रोल जास्त होत आहे. दोन्हीने नाही पकडली तर ठिणगी पहा.

आणि सेल्फ थंड असताना फिरतो तसाच फिरतो का, हेही सांगा. गरम झाल्यावर कण्हत फिरत असेल तर विषय वेगळा, मग अर्थिंगची पट्टी आणि सेल्फच्या तारा पहायच्या.

घाटवाट – ५ मे, सकाळी ७:१५

हा जुना व्हेपर लॉकच आहे (पाइपात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडणं). आमच्या कार्बोरेटरच्या गाडीला खंबाटकी चढून वर चहाला थांबलं की हमखास व्हायचं. पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटांनी गाडी चालू. कृष्णाकाठ, तुम्हीही रेलवर ओलं फडकं टाकून बघा.

वऱ्हाडी मिस्त्री – ५ मे, सकाळी ८:०२

घाटवाट काका, तेव्हाचा पंप इंजिनवर असायचा आणि टाकीतून पेट्रोल ओढायचा. ओढताना प्रेशर कमी होते, म्हणून वाफ लवकर. दिल्लीसाठी १९९९ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, धुराचे कडक निकष लागू झाले, कंपन्यांनी भराभर कार्बोरेटर काढून एमपीएफआय आणलं. त्यात पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोल ढकलतो. अशा गाडीत सगळं ठाकठीक असलं तर व्हेपर लॉक सहसा होत नाही. झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती शोधायची.

फडकं टाकून चालू झाली तर कारण उष्णता आहे एवढं कळेल. तेवढं आपल्याला आधीच माहीत आहे. आणि गरम हेडवर थंड पाणी ओतू नका, कोणीच.

ऊसपट्टा – ५ मे, सकाळी ९:३०

पेट्रोलकडेही बघा. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो. जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण दहा टक्के झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आलं आणि २०२५ मध्ये वीस टक्के गाठले. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं, म्हणून लोकांना वाटतं त्याने वाफ कमी होईल. प्रत्यक्षात उलट होतं. पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं की पेट्रोलचा हलका भाग आणखी सहज उडतो, मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो.

आमच्या भागातल्या उसाला यामुळे भाव आणि हमी मिळाली, त्याचं मला मोल आहे. पण २००३ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही, हेही तितकंच खरं. जुने रबरी पाइप, ओरिंग, पंपाची जाळी एकदा तपासाच.

कृष्णाकाठ – ७ मे, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. आज मुद्दाम पस्तीस मिनिटं उभी केली.

सेल्फ गरम असतानाही तितकाच जोरात फिरतो. चावी चारदा ऑन-ऑफ केली, मग सेल्फ मारला आणि दोन सेकंदांत पकडली! आईने टाळ्या वाजवल्या.

पण परत येताना पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबलो, ओळखीचे भेटले, अर्धा तास गेला. चावीची तीच युक्ती केली, पण काही झालं नाही. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा आठ-नऊ सेकंदांनी भकभक करत काळा धूर सोडून सुरू झाली. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय? दोन्ही कसं असेल?

वऱ्हाडी मिस्त्री – ७ मे, रात्री ९:३३

दोन्ही असू शकते. बावीस वर्षांच्या गाडीत एकच आजार असला पाहिजे असं कोणी ठरवलं? पण अंदाजाने पुढे जाऊ नका, पेट्रोलचं प्रेशर मोजा. गेज लावा. गेजशिवाय यापुढे कोणी काही सांगत असेल तर ऐकू नका, मी सांगत असलो तरी.

मल्टीमीटर – ७ मे, रात्री १०:१०

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. कृष्णाकाठ दादा, एक प्रश्न. मायलेज किती देते आणि पूर्वी किती देत होती?

कृष्णाकाठ – ७ मे, रात्री १०:२२

ताई, बाबांच्या डायरीत सगळं लिहिलेलं आहे. ते सोळा-साडेसोळा लिहायचे. मला गेल्या पावसाळ्यापासून तेरा मिळतं. मला वाटलं, माझ्या चालवण्यामुळे.

मल्टीमीटर – ७ मे, रात्री १०:४१

तुमच्या चालवण्याने तीन किलोमीटर जाणार नाहीत. आणि 'पावसाळ्यापासून' हा शब्द महत्त्वाचा आहे.

ईसीयूला इंजिन किती गरम आहे ते कूलंट टेम्परेचर सेन्सर सांगतो. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, गरमला कमी. सेन्सरचा रोध तापमान वाढलं की कमी होतो. पुष्कळ गाड्यांत वीस अंशांना दोन ते अडीच हजार ओहम आणि ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास असतो. मधे कुठे गंज चढला, तार अर्धवट तुटली, तर वाटेत जास्तीचा रोध येतो. मग ईसीयूला गरम इंजिन थंड वाटतं आणि तो भरमसाट पेट्रोल सोडतो. सकाळी काही कळत नाही, कारण तेव्हा जास्त पेट्रोल हवंच असतं. त्रास गरम असतानाच होतो.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा, ईसीयूचा वेगळा. ईसीयूवाल्याला दोन तारा असतात.

रोध दोन ठिकाणी मोजा: एकदा सेन्सरच्या पिनांवर, आणि एकदा कनेक्टर लावलेला ठेवून ईसीयूकडच्या टोकाला, ईसीयूचा सॉकेट काढून. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. आधी चावी बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली.

स्टुटगार्टकर – ८ मे, पहाटे २:१५

इथे माझ्याकडे १९८३ची गाडी आहे, बॉशची के-जेट्रॉनिक. ती पद्धत १९७३ची, इंजेक्शन पूर्ण यांत्रिक. प्रेशर सुमारे पाच बार, आणि गाडी बंद केल्यावर ते टिकावं म्हणून पंपाजवळ एक वेगळी डबी असते. आत पडदा आणि स्प्रिंग. पडदा फाटला की लक्षण हुबेहूब तुमचंच. त्या काळच्या अभियंत्यांना गरम इंजिनाची अडचण इतकी माहीत होती की त्यासाठी आख्खा एक भाग जोडला होता. तुमच्या गाडीत तेच काम पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) एकटा करतो. आधी तिथे बघा.

वऱ्हाडी मिस्त्री – ८ मे, सकाळी ७:४०

ताईंचं बरोबर आहे, ते वाचून मलाच शिकायला मिळालं. मी सेन्सर काढून मोजतो, ईसीयूच्या टोकाला मोजत नव्हतो.

आता गेजची पद्धत लिहितो. घाई नको. हे प्रेशरखालचं पेट्रोल आहे. गरम इंजिनावर पाइप सोडू नका. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, मग जोडावर फडकं धरून सावकाश सोडा. मोकळ्या हवेत करा, विडी-सिगारेट वीस पावलं लांब, अग्निशामक हाताशी. एकट्याने करू नका.

फिल्टर आणि रेल यांच्या मधे टी (तीन तोंडांचा जोड) घालून गेज लावा. चावी ऑन केली की तीन बारच्या आसपास गेलं पाहिजे. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अडीचच्या जवळ, कारण रेग्युलेटरला (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत सोडून प्रेशर राखणारा भाग) इंजिनचा व्हॅक्यूम मिळतो. तो व्हॅक्यूमचा बारीक पाइप काढून वास घ्या. आत पेट्रोल ओलं दिसलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटला, तिथेच थांबा.

मग बंद करून घड्याळ लावा. पाच मिनिटांत किती पडते ते लिहा. पडत असेल तर पुन्हा चालू करून बंद करा आणि लगेच परतीचा रबरी पाइप चिमट्याने दाबा. पडणं थांबलं तर रेग्युलेटर. नाही थांबलं तर तिसऱ्यांदा चालू-बंद करा आणि या वेळी टाकीकडून येणारा रबरी पाइप गेजच्या आधी दाबा. आता थांबलं तर गळती टाकीत. तरीही पडलं आणि बाहेर कुठे ओलं नसलं, तर परतीचाही पाइप बरोबर दाबून पहा. त्यानंतरही पडलं तर इंजेक्टर ठिबकून राहिले. चिमटा फक्त रबरालाच, नायलॉनच्या पाइपला लावला तर तो चिरतो. आणि इंजिन चालू असताना परतीचा पाइप दाबायचा नाही, प्रेशर दुप्पट होते.

कृष्णाकाठ – ११ मे, रात्री ९:०५

कराडच्या एका सदस्याने स्वतःचा गेज आणून दिला आणि चार तास माझ्याबरोबर उभे राहिले. त्यांनी नाव लिहू नको म्हणून बजावलंय.

आकडे:

चावी ऑन – २.९ बार. आयडलला २.४. रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप कोरडा. बंद केल्यावर चार मिनिटांत ०.३. परतीचा पाइप दाबला, तरी तसंच पडलं. टाकीकडचा पाइप दाबला तर वीस मिनिटांनंतरही २.१!

म्हणजे रेग्युलेटर आणि इंजेक्टर दोन्ही ठीक. ज्या इंजेक्टरच्या सफाईला मी आधीच पैसे दिले, ते चांगलेच होते.

आणि ताई, तुमचं मोजमाप. काटा नेहमीच्या जागी आल्यावर सेन्सरच्या पिनांवर ३१० ओहम. ईसीयूच्या टोकाला १,४०० ओहम. तीनदा मोजलं.

मल्टीमीटर – ११ मे, रात्री ९:२०

सेन्सर उत्तम आहे, बदलू नका. वाटेत अकराशे ओहम कुठून तरी येत आहेत. तुमच्या ईसीयूला इंजिन जेमतेम पस्तीस अंशांचं वाटत होतं. कनेक्टर उघडून पिनांचा रंग बघा. हिरवट पूड दिसेल.

ऊसपट्टा – ११ मे, रात्री ९:४८

म्हणजे पहिल्या खेपेला चावीची युक्ती चालली कारण सेल्फ मारण्याआधीच प्रेशर भरलं होतं. मग दुसऱ्यांदा का नाही?

वऱ्हाडी मिस्त्री – ११ मे, रात्री १०:०६

ईसीयू पहिल्यापासूनच पेट्रोल जास्त सोडत होता. वाफ होती तोवर कमी पडत होतं, प्रेशर भरलं की एकदम जास्त. कधी या बाजूला झुकायचं, कधी त्या बाजूला. जिथे एका कारणाने उत्तर जुळत नाही तिथे लोक ईसीयूवर नाव टाकतात, कारण तो बोलू शकत नाही.

पंप लगेच बदलू नका. आधी टाकीतून असेंब्ली बाहेर काढून नीट पहा. पंप आणि वरच्या लोखंडी नळीच्या मधे बोटभर रबरी पाइप असतो, तो पहा.

कृष्णाकाठ – १५ मे, रात्री ८:३०

सुटलं. सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

टाकी पाव भरलेली असताना मागची सीट काढून, वरचं झाकण उघडून असेंब्ली बाहेर घेतली. पंप ठीक. मिस्त्रीकाकांनी सांगितलेला तो बोटभर पाइप क्लिपच्या खाली उभा चिरलेला. वाकवला की चीर उघडायची. पंप चालू असताना थोडं पेट्रोल टाकीतच गळत असणार, पण पंपाची ताकद पुरत होती म्हणून चालताना कळत नव्हतं. बंद केलं की सगळं प्रेशर त्या चिरेतून टाकीत. व्हॉल्व्ह चिरेच्या अलीकडे, त्यामुळे तो चांगला असूनही उपयोग नव्हता.

दुकानात पहिल्यांदा साधा पेट्रोल पाइप दिला. त्याच कराडच्या सदस्यांनी थांबवलं. साधा पाइप आतून पेट्रोल सोसतो, पण पेट्रोलमध्ये बुडून राहिला की बाहेरचं आवरण फुगतं आणि सुटतं. टाकीत बुडवून ठेवायचा पाइप वेगळा मिळतो. तो पुण्याहून मागवला, दोन क्लिपांसह चारशे रुपये. जाळीही बदलली, झाकणाचा ओरिंगही नवा.

कूलंट सेन्सरच्या कनेक्टरमध्ये ताईंनी सांगितली तीच हिरवी पूड. गेल्या जुलैत गाडी कोयनेच्या पुरात नाही, पण आमच्या अंगणात साचलेल्या पाण्यात उभी होती, आणि नंतर कुणीतरी प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतलं होतं. पिना साफ करून भागलं नाही, एक पिन काळी पडून सैल झाली होती. नवा कनेक्टर टाकून तारा डाग देऊन जोडल्या. आता ईसीयूच्या टोकाला ३१५ ओहम.

त्यानंतर सहा वेळा मुद्दाम अर्धा तास उभी करून पाहिली. बंद केल्यावर वीस मिनिटांनी गेजवर दोन बारच्या वर. दर वेळी एका सेकंदात सुरू. आज आईला घेऊन गेलो, बाहेर आलो, चावी फिरवली. ती म्हणाली, "तुझे बाबा चावी फिरवायचे तसा आवाज आला."

मल्टीमीटर – १५ मे, रात्री ८:४४

दादा, हे वाचून फार बरं वाटलं. पुढच्या दोन टाक्यांचं मायलेज डायरीत लिहा आणि इथेही सांगा.

घाटवाट – १५ मे, रात्री ९:१०

मी फडकं टाका म्हणालो होतो. ते चुकीचं होतं, इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे वाचणारा कुणी गरम हेडवर पाणी टाकणार नाही.

चंद्रपूर४८ – २ जून, दुपारी ३:२०

धागा पूर्ण वाचला. माझीही २००५ची एमपीएफआय, सीएनजी किट बसवलेलं. गरम असताना पेट्रोलवर सुरू होत नाही, चावी चारदा फिरवली की होते. पंपाचा आवाजही मोठा येतो. गेज मिळेल तेव्हा लावतो, तोपर्यंत काय पाहू?

वऱ्हाडी मिस्त्री – २ जून, संध्याकाळी ६:४५

सीएनजीवर चालवताना टाकीत पेट्रोल किती ठेवता?

चंद्रपूर४८ – २ जून, संध्याकाळी ६:५८

रिझर्व्हवरच असते. पेट्रोल फक्त सुरू करण्यापुरतं लागतं ना.

वऱ्हाडी मिस्त्री – २ जून, संध्याकाळी ७:१५

टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो भाऊ. आणि पुष्कळ किटमध्ये सीएनजीवर असतानाही पंप फिरत राहतो. आज दहा लिटर भरा. सीएनजीवर असताना मागच्या सीटखाली कान लावून पंप चालू आहे का ऐका, आणि इथे सांगा. किटची वायरिंग कशी जोडली आहे ते त्यावरून कळेल.